ज्येष्ठ महिलांचे पडणे : पिवळ्या पट्टीपुढचे काम

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘न्हाणीघरात पाय घसरून पडल्याने’ ही अर्धी ओळ निधनवार्तांत वरचेवर वाचायला मिळते. दोष फरशीला दिला की पुढची चौकशी थांबते. वॉर्डात आणि घरभेटींत वृद्ध स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या कुणालाही विचारा, फरशी हे बहुधा सगळ्यात शेवटचे कारण असते. तिच्याआधी रात्रीची झोपेची गोळी, अंथरुणातून उठताना उतरलेला रक्तदाब, लघवीची घाई, एका डोळ्यातला पिकलेला मोतीबिंदू, मांड्यांचे आटलेले स्नायू अशी तीन-चार कारणे एकत्र आलेली असतात. त्यांतले एखादे वेळीच काढून घेतले तरी पुष्कळदा पडणे टळते. हे काम मोठ्या प्रमाणावर परिचारिकेचे आहे. आपल्याकडे ते पडण्याचा धोका दाखवणाऱ्या, मनगटावरच्या पिवळ्या पट्टीपाशी आणि केसपेपरवरच्या सहीपाशी अडकते, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले आहे, पण त्यातला तपशील घरोघरी उपयोगी पडावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यांवरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो. ६५ वर्षांपुढच्या लोकांपैकी २८ ते ३५ टक्के वर्षातून एकदा तरी पडतात. स्त्रियांचा प्रश्न वेगळा काढून बोलायचे कारण हाडांत आहे. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटते आणि पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. त्यामुळे त्याच उंचीवरून पडलेला पुरुष खरचटण्यावर सुटतो आणि बाईचे मनगट, मणका किंवा खुबा मोडतो. त्यात स्त्रिया जास्त जगतात आणि उतारवयात बऱ्याच जणी एकट्या राहतात. लघवी आवरत नसल्याचे सांगायला लाजतात, आणि दुखणे अंगावर काढायची सवय जन्माची असते.

आधी रुग्णालयाबद्दल. दाखल होताना पडण्याचा धोका मोजण्यासाठी बहुतेक मोठ्या रुग्णालयांत मोर्स तक्ता वापरतात. त्यात सहा बाबी आहेत. गेल्या तीन महिन्यांत पडणे झाले असेल तर २५ गुण, एकाहून जास्त आजार असतील तर १५, काठी किंवा वॉकर लागत असेल तर १५ आणि खाट-टेबल-भिंत धरत चालत असेल तर ३०, हाताला सलाइन किंवा सुई असेल तर २०, चाल अशक्त असेल तर १० व बिघडलेली असेल तर २०, आणि स्वतःच्या कुवतीचे भान नसेल तर १५. बेरीज जास्तीत जास्त १२५ होते. ४५ किंवा अधिक म्हणजे धोका मोठा, असे बऱ्याच ठिकाणी धरतात.

तक्ता चांगला आहे, वापरण्यात घोळ आहे. पहिला घोळ, तो दाखल होतानाच भरला जातो आणि डिस्चार्जपर्यंत तोच आकडा पुढच्या पाळ्यांमध्ये उतरवला जातो. खरे तर शस्त्रक्रियेनंतर, झोपेचे किंवा लघवीचे औषध नव्याने सुरू झाल्यावर, अतिदक्षता विभागातून वॉर्डात आणल्यावर आणि एकदा पडल्यावर तो नव्याने भरायला हवा. दुसरा घोळ याहून मोठा. बेरीज पाहिली जाते, बाबी पाहिल्या जात नाहीत. दोन बायकांचे गुण ६० आहेत म्हणून दोघींना सारखीच पिवळी पट्टी बांधून भागत नाही. एकीचे गुण भिंत धरून चालण्यामुळे आले असतील, तर तिला वॉकर हवा आणि तो हाताच्या अंतरावर हवा. दुसरीचे गुण गोंधळलेल्या मनामुळे आले असतील, तर वॉकरचा तिला उपयोग नाही. तिची खाट नर्सिंग काउंटरसमोर हवी, लघवीचा संसर्ग आहे का ते बघायला हवे, आणि चष्मा व कानातले यंत्र पिशवीत न राहता तिच्या अंगावर असायला हवे.

वॉर्डात पडणे कुठे होते? बहुतेकदा खाट आणि संडास यांच्या मध्ये, रात्री किंवा पहाटे, कुणी बघत नसताना. म्हणूनच ठरावीक वेळाने फेरी मारून चार गोष्टी विचारायची पद्धत रूढ झाली: दुखते आहे का, संडास-लघवीला जायचे आहे का, कूस बदलायची आहे का, पाणी-चष्मा-बेल हाताशी आहे का. दिवसा तासाला आणि रात्री दोन तासांनी. यातला दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि तो विचारायचीही रीत आहे. ‘आजी, लघवीला जायचंय का?’ असे खाटेच्या पायथ्याशी उभे राहून मोठ्याने विचारले, की शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक ऐकत असल्याने उत्तर ‘नाही’ येते आणि वीस मिनिटांनी आजी एकट्या उठतात. जवळ जाऊन, हात धरून, ‘चला, मी आहे तोवर जाऊन येऊ’ म्हटले की त्या निघतात. झोपण्यापूर्वी एकदा, मध्यरात्रीनंतर एकदा आणि पहाटे चारच्या सुमारास एकदा अशी नेमाने नेऊन आणले, की एकटीने उठण्याचे प्रसंग खूप घटतात. संडासात दारापर्यंत सोडून परत फिरू नये. धोका जास्त असेल तर दार नुसते लोटून बाहेर थांबावे, कारण उठताना चक्कर तिथेच येते.

आपल्या वॉर्डांतली एक खास अडचण परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. सोबतची मुलगी किंवा सून खाटेच्या कडेला जमिनीवर सतरंजी टाकून झोपते, आणि नेमकी त्याच बाजूला, जिथून आजी उतरतात. दिवसभर राबलेल्या पोरीला उठवायचे नाही म्हणून म्हातारी अंधारात तिला ओलांडू पाहते. सोबतीची सतरंजी दुसऱ्या बाजूला हवी आणि ‘मला उठवलंच पाहिजे’ हे त्या मुलीने परिचारिकेसमोर आजींना सांगायला हवे.

खाटेचे रेलिंग सगळीकडून वर केले की रुग्ण सुरक्षित झाला, ही समजूत अजून जात नाही. शुद्धीवर असलेली, पण लघवीची घाई झालेली बाई रेलिंगवरून उतरायचा प्रयत्न करते, आणि मग ती खाटेच्या नव्हे तर रेलिंगच्या उंचीवरून पडते. चालू शकणाऱ्या बाईसाठी उतरण्याच्या बाजूचे पायथ्याकडचे रेलिंग खाली असावे, खाट इतकी खाली असावी की कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील, आणि चाकांचे ब्रेक लावलेले असावेत. सलाइनचा स्टँड संडासच्या बाजूला असावा, नाहीतर नळी ओढली जाऊन तोल जातो. हातपाय बांधल्याने पडणे थांबत नाही. स्नायू आणखी आटतात आणि गोंधळ वाढतो. उठताच वाजणाऱ्या गजरांवरही रुग्णालये पैसे घालतात. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या १६ वॉर्डांत त्यांची तुलनात्मक चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पडण्याचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. गजर वाजेपर्यंत बाई उठलेली असते आणि परिचारिका वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असते.

मग उपयोग कशाचा होतो? बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या १४ वॉर्डांत झालेले काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे परिचारिकेने रुग्णाशी आणि घरच्यांशी बसून, त्या रुग्णाची कारणे आणि त्यावरचे उपाय एका कागदावर खुणांनी भरून तो उशाशी लावला. पडण्याचे प्रमाण १५ टक्के आणि इजा होण्याचे ३४ टक्के घटले. यात यंत्र नाही, खर्चही नाही. फक्त परिचारिकेकडे दर रुग्णामागे थोडी मोकळी मिनिटे हवीत. इथेच आपले गाडे अडते. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण कागदावर आहे. रात्रपाळीला सरकारी वॉर्डात जाऊन कुणीही मोजून यावे.

आता त्या दोन गोष्टी, ज्या कोणत्याही परिचारिकेला रक्तदाबाच्या यंत्रावर आणि गोळ्यांच्या डब्यावर कळतात.

रक्तदाब आपल्याकडे बसवून एकदाच मोजतात. पडणाऱ्या बाईचा तो तसा मोजून काही कळत नाही. तिला पाच मिनिटे आडवे झोपवावे, मोजावे. मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभे राहताच मेंदूला रक्त कमी पडते आहे असे समजावे. चक्कर येत नाही असे बाई म्हणाली तरी आकडा डॉक्टरांना कळवावा. मोजताना एक माणूस तिच्या मागे उभा हवा. असा रक्तदाब उतरणाऱ्या बाईला शिकवायचे ते इतके : उठण्यापूर्वी पडल्या पडल्या पावले वर-खाली दहा-वीस वेळा हलवायची, खाटेच्या कडेवर पाय सोडून एक-दोन मिनिटे बसायचे, काहीतरी धरून उभे राहायचे, मनात वीस अंक मोजायचे आणि मग पाऊल टाकायचे. जेवणानंतर आणि गरम पाण्याच्या अंघोळीनंतरही रक्तदाब उतरतो. अभ्यंगाच्या दिवशी तर तेलकट तळवे आणि कढत पाणी एकत्र येते. त्या दिवशी न्हाणीघरात स्टूल हवेच.

गोळ्यांसाठी ‘काय काय घेता?’ असे विचारू नये. ‘घरातला सगळा डबा आणि पिशवी आणा’ म्हणावे. त्यातून एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या, दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन रक्तदाबाच्या गोळ्या आणि शेजारणीने दिलेली झोपेची गोळी निघते. नजर ठेवायची ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांवर, नैराश्यावरच्या अ‍ॅमिट्रिप्टिलिनवर, वेदनेवरच्या ट्रामाडॉलवर, रक्तदाबाच्या प्राझोसिनवर, फ्युरोसेमाइड-टॉर्सेमाइडसारख्या लघवीच्या गोळ्यांवर आणि सर्दी-खाजेच्या सुस्ती आणणाऱ्या गोळ्यांवर. परिचारिकेने औषध बंद करायचे नाही, डॉक्टरांकडे यादी न्यायची. वर्षानुवर्षे चाललेली अल्प्राझोलाम घरच्यांनी घाबरून एका रात्रीत बंद केली तर झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. लघवीची गोळी सकाळी द्यायची की संध्याकाळी, हा प्रश्न मात्र परिचारिकेने विचारलाच पाहिजे, कारण संध्याकाळच्या गोळीच्या फेऱ्या रात्री माराव्या लागतात. मधुमेही बाईला उपवासाचे वार विचारावेत. साखरेची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मापाने आणि पोटात दुपारपर्यंत चहा, असे एकादशीला घडते. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर आणि कोसळणे. चातुर्मास लागण्यापूर्वी डोस आणि फराळाच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घेतल्या तर हे टळते.

लघवी आवरत नाही म्हणून पाणी कमी पिणे हा बायकांचा नेहमीचा तोडगा. त्याने लघवी दाट होऊन घाई वाढते, संसर्ग होतो आणि रक्तदाब आणखी उतरतो. पाणी कमी करायचे नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी माप ठरवून दिले नसेल, तर बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत प्यायचे. पायांवर सूज असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायचे, म्हणजे पायांतले पाणी दिवसाच उतरते, रात्री नाही. ओटीपोटाखालचे स्नायू, लघवी रोखताना आवळतात तसे, पाच सेकंद आवळून पाच सेकंद सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे आधी सांगितले नाही तर आठ दिवसांत सोडून देतात.

घरभेटीत परिचारिकेने पहिल्या पाच मिनिटांत करायची चाचणी सोपी आहे. हात असलेली साधी खुर्ची, तिथून तीन मीटरवर खडूची रेघ, घड्याळ. बाईने उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. रोजची चप्पल आणि रोजची काठी असू द्यावी. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. आकड्याइतकेच बघण्यासारखे असते ते वळण. पाऊल न उचलता पाय घासत, पाच-सहा तुकड्यांत वळणारी बाई सरळ चालताना ठणठणीत दिसते आणि न्हाणीघराच्या दारात वळताना पडते. मग तोलाची चाचणी: पावले जोडून, मग एक पाऊल अर्धे पुढे, मग एकापुढे एक टाच-बोट जुळवून आणि शेवटी एका पायावर, प्रत्येकी दहा सेकंद. टाच-बोट जुळवून दहा सेकंद राहता आले नाही तर व्यायाम लगेच सुरू करावा. चाचणी भिंतीलगत आणि परिचारिकेचा हात जवळ ठेवूनच करावी.

घर तपासताना बाईला तिचा पहाटेचा मार्ग चालून दाखवायला सांगावे: अंथरूण ते न्हाणीघर ते देवघर ते ओटा. दिवा कुठे लावतात, बटण खाटेवरून हाताला येते का, उंबरा किती उंच, पायपुसणे सरकते का, हे त्या चालण्यात दिसते. मोरीचा उंबरा काढता येत नसेल तर त्यावर गडद पिवळ्या रंगाचा पट्टा मारावा. फाटक्या साडीचे पायपुसणे हा तर सापळाच. खाली रबर असलेले घ्यावे, नाहीतर नसलेले बरे. चकचकीत टाइल्सवर पाणी दिसत नाही, शहाबादीवर निदान डाग तरी दिसतो. कोकणात पावसाळ्यात अंगणाच्या आणि विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तिथे ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासणे आठवड्याला हवे, आणि ते म्हातारीने करायचे नाही.

न्हाणीघरातल्या आधारदांड्याबाबत हमखास चूक होते. टॉवेल अडकवायच्या नळीला लोक आधार समजतात. ती दोन छोट्या स्क्रूंवर असते आणि भार पडताच भिंतीतून निघून हातात येते. आधारदांडा वेगळा घ्यावा लागतो : जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर, म्हणजे मूठ पूर्ण वळेल अशी, भिंतीपासून सुमारे ४ सेंटिमीटर सुटा, टाइलमध्ये नव्हे तर मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने बसवलेला. कमोडशेजारचा बसून उठताना हाताला येईल तिथे लावायचा, आणि जागा बाईला बसवून तिच्या हाताने दाखवून घ्यायची, प्लंबरच्या अंदाजाने नाही. भारतीय बैठकीच्या संडासावर ठेवायची लोखंडी किंवा प्लास्टिकची खुर्ची मिळते, तिच्या चारही पायांना रबर हवे. कडी आतून लावू नये.

पायांत काय, तर टाच मागून बंद, तळ पातळ व खडबडीत, उंची अडीच सेंटिमीटरच्या आत. झिजलेली हवाई चप्पल आणि पायमोजे घालून फरशीवर चालणे, दोन्ही वाईट. चप्पल घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात जायचे नाही हा घरोघरचा नेम असतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. घरातल्या घरात वापरायचा एक स्वच्छ जोड वेगळा ठेवला की बहुतेकजणी तयार होतात. साडी, परकर, गाऊन यांची कड घोट्याच्या वर हवी. नऊवारीचा काष्टा सहसा पायात येत नाही, पायात येतो तो बाजारातून एकाच मापात आणलेला घोळदार गाऊन.

चष्म्याबद्दल थोडे. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली बघितले की वाचायच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, म्हणून जिना उतरताना मान वाकवून वरच्या भिंगातून बघायला शिकवावे लागते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘अजून दिसतंय की’ म्हणून पुढे ढकलणाऱ्यांसाठी: इंग्लंडमध्ये सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांवरच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केलेल्या गटात पडण्याचे प्रमाण ३४ टक्के कमी होते.

सगळ्या उपायांत भरवशाचा उपाय एकच निवडायचा तर आम्ही तोल आणि ताकदीचा व्यायाम निवडू. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या मंडळींनी तो बांधला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पहिली चाचणी डनेडिनमधल्या ऐंशीपुढच्या २३३ स्त्रियांवर होती, तेव्हा शिकवायला फिजिओथेरपिस्ट होते. पुढचा प्रश्न त्यांनी असा विचारला, की हेच काम घरभेटी देणारी परिचारिका करू शकेल का? पश्चिम ऑकलंडमध्ये ७५ वर्षांपुढच्या २४० जणांवर ते करून पाहिले. व्यायाम शिकवण्याचा पूर्वानुभव नसलेल्या परिचारिकेला फिजिओथेरपिस्टने तयार केले, तिने घरी पाच भेटी दिल्या आणि मधल्या काळात फोन केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पडण्याचे प्रमाण ४६ टक्के घटले होते.

व्यायाम साधेच आहेत. ओट्याला किंवा जड टेबलाला धरून टाचा उचलणे, चवडे उचलणे, गुडघे थोडे वाकवून सरळ होणे, बाजूला चालणे, मागे चालणे, टाच-बोट जुळवत चालणे, एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून हात न लावता उठणे. प्रत्येकी दहा वेळा, अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, आणि दोन दिवस चालणे. घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करणे हा त्यातला महत्त्वाचा भाग. अर्ध्या किंवा एक किलोपासून सुरुवात करून वाढवत न्यायचे. वाळूची पिशवी घरीही शिवता येते. चुकते ते इथे, की वजन आणि अवघडपणा वाढवलाच जात नाही. सहा महिने ओटा धरूनच टाचा उचलल्या तर तोल सुधारत नाही. दोन्ही हातांनी धरणे, मग एका हाताने, मग दोन बोटे टेकवून, मग नुसता हात जवळ ठेवून, असे सरकवत न्यायला दर भेटीत कुणीतरी बघावे लागते. सकाळी बागेत चालायला जाणे चांगलेच, पण ज्यांचा तोल आधीच गेलेला आहे त्यांना नुसते चालायला लावल्याने पडणे घटत नाही.

परिचारिका नेमली की प्रश्न सुटला, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत ८६ दवाखान्यांतल्या सत्तरीपुढच्या ५,४५१ लोकांवर मोठी चाचणी झाली. परिचारिकांनी प्रत्येकाची कारणे शोधली, योजना लिहून दिली, पाठपुरावा केला. २०२० मध्ये आलेल्या निकालात गंभीर इजांमध्ये ठोस म्हणता येईल अशी घट दिसली नाही. आमच्या मते यातला धडा असा, की कारणे शोधून सल्ला देणे आणि ते काम प्रत्यक्ष पार पडणे यांत मोठी दरी आहे. ‘आधारदांडा बसवा’ हे डिस्चार्ज कार्डावर लिहायला दहा सेकंद लागतात. तो बसवला जातो तेव्हा सुतार किंवा प्लंबर, पैसे आणि मुलाची सुटी हे सगळे जमलेले असते. ऑकलंडची परिचारिका घरी जाऊन समोर व्यायाम करून घेत होती, हा फरक लहान नाही.

हाडांच्या औषधांत दोन चुका इतक्या सर्रास होतात की सांगितल्याच पाहिजेत. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक अशी साधारण आठ आठवडे लिहिलेली असते. ती रोज घेतली जाते आणि रक्तातले कॅल्शियम चढून उलट्या, गुंगी, बद्धकोष्ठ होते. जास्त डोस म्हणजे जास्त बळकटी असेही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले तर त्या गटात पडणे आणि हाड मोडणे दोन्ही वाढले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी चूक हाडांची झीज रोखणाऱ्या अ‍ॅलेन्ड्रोनेटची. आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही. चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, घेऊन पडून राहिले तर अन्ननलिकेला जखम होते.

आणि पडलेच तर? धावत जाऊन बगलेत हात घालून उचलू नये. आधी बोलावे, शुद्ध बघावी, मान-पाठ-खुबा दुखतो का विचारावे. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलेले असेल तर खुबा मोडला आहे असे धरून, पाय न हलवता १०८ ला फोन करावा. डोके आपटले असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे. मालिशवाल्याकडे किंवा हाड बसवणाऱ्याकडे नेण्यात मोलाचा दिवस जातो. काही दुखत नसेल तर कुशीवर वळणे, कोपरावर येणे, गुडघ्या-हातांवर येणे, रांगत खुर्चीपर्यंत जाणे, बळकट पाय पुढे टेकवून वर येणे, हा क्रम परिचारिकेने आधीच, सतरंजीवर करून शिकवलेला असावा. एकट्या राहणाऱ्या बाईला हे येत नसेल तर ती तासन्‌तास फरशीवर पडून राहते. गळ्यात दोरीला बांधलेला साधा मोबाइल न्हाणीघरातही न्यावा.

प्रशासनासाठी आता थोडके. साठीपुढच्यांसाठी आशाताई जो तपासणी अर्ज भरतात त्यात ‘उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का?’ हा प्रश्न आधीच आहे. ‘हो’ या उत्तरानंतर पुढे काय, हे ठरवून द्यावे : आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) यांनी पंधरा दिवसांत घरी जाऊन उभ्याचा रक्तदाब, तीन मीटरची चाचणी, गोळ्यांचा डबा आणि न्हाणीघर बघावे. वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला एक दिवस ज्येष्ठांसाठी ठेवलेला आहे, त्याच दिवशी ओट्याऐवजी भिंतीतली दांडी धरून व्यायाम शिकवता येतील. रुग्णालयांनी पडण्याची नोंद परिचारिकेवर कारवाईसाठी वापरणे थांबवावे. कारणे दाखवा नोटिशीच्या भीतीने नोंद ‘खाटेवरून घसरली, इजा नाही’ एवढीच होते आणि पहाटे चारला पडणाऱ्या पाचव्या बाईचेही कारण कुणाला कळत नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या पात्र नागरिकांच्या खात्यात सहायक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये येतात. या पैशांतून बाजारातली हाताला लागेल ती काठी घेतली जाते आणि ती बहुधा लांब निघते. खांदा उचलून चालावे लागते, म्हणून महिन्यात काठी कोपऱ्यात जाते. बाईने चप्पल घालून, हात सैल सोडून उभे राहावे. मनगटावरच्या घडीपाशी काठीची मूठ आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकते. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. खालचे रबरी बूच गुळगुळीत झाले की बदलायचे. ते थोड्या पैशांत मिळते आणि तेच कुणी बदलत नाही. योजनेचे अर्ज भरून घेतानाच त्याच टेबलावर परिचारिका बसवून प्रत्येकीचे माप अर्जाच्या पावतीवर लिहून द्यावे, इतकी सूचना समाजकल्याण विभागाने जरूर विचारात घ्यावी.

आपले नम्र,
काही निवृत्त व कार्यरत परिचारिका, सातारा